‘सध्या काय करतोस?’ला भिऊन बॅचचा ग्रुप सोडला

एका वाचकाचं पत्र:

“ताई, मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. २००० साली अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून बी.एस्सी. कृषी झालो. चार वर्षं एमपीएससीच्या मागे लागलो, जमलं नाही. वडील आजारी पडले म्हणून घरी आलो, तेव्हापासून नऊ एकर वावर करतो. कापूस, तूर, थोडं सोयाबीन. गावात मला नावानं कमी आणि ‘बीएस्सी’ म्हणून जास्त हाक मारतात. २०१७ च्या फवारणीच्या वर्षी लोक औषधाचे डबे घेऊन यायचे, ‘बीएस्सी, वाचून सांग बा’ म्हणायचे. तेवढाच काय तो पदवीचा उपयोग.

तीन वर्षांपूर्वी एका मित्रानं बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये घेतलं. कोणी कृषी खात्यात मोठा अधिकारी, कोणी बँकेत, एक पोलिसात, दोघं अमेरिकेत. एकानं विचारलं, ‘सध्या काय करतोस?’ मी लिहिलं, ‘शेती.’ चार अंगठे आले. एकानं लिहिलं, ‘मजा आहे बाबा तुझी.’ त्यावर काय लिहावं ते सुचलं नाही. त्याच रात्री ग्रुप सोडला.

आता डिसेंबरात नागपूरच्या एका हॉटेलात पंचवीस वर्षांचं स्नेहसंमेलन ठेवलं आहे. वर्गणी साडेतीन हजार. जुन्या रूममेटचा दोनदा फोन आला, मी उचलला नाही. वेचणीचे दिवस आहेत, मजूर मिळत नाही, हे खरंच आहे. पण फोन न उचलण्याचं कारण ते नाही, हे मला कळतं.

मुलगी बारावीला आहे. ती म्हणते, ‘बाबा, तुमचे एवढे मित्र साहेब, मग तुम्ही कोणाले विचारत काऊन नाही?’ यंदा तूर फुलावर आली आणि झाडं वाळून राहिली. ज्या विद्यापीठात शिकलो, तिथं आज कोणाला विचारावं तेही मला माहीत नाही. संमेलनाला जावं का? आणि माझ्यासारख्याचं विद्यापीठाशी काही नातं उरलं आहे का?”

भाऊ,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना डब्यांच्या वाक्यापाशी थांबले. तुम्ही ते जाता जाता लिहिलंत आणि वर ‘तेवढाच काय तो उपयोग’ असं म्हणून मिटवूनही टाकलंत. मी ते मिटवू देणार नाही.

२०१७ चा तो पावसाळा संपतानाचा काळ मला चांगला आठवतो. मी अमरावती जिल्ह्यातली, पण बातम्या रोज तुमच्या जिल्ह्याच्या यायच्या. पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, माणसाच्या डोक्याइतकी उंच वाढलेली, त्यात फवारणी करणारा माणूस औषधाच्या धुक्यातच उभा. एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून जास्त माणसं विषबाधेनं गेली, कितीतरी दवाखान्यात पडली. डब्यावर सगळं लिहिलेलं असतं, पण किती बारीक अक्षरात! आणि तो तिरपा चौकोन, त्यातला खालचा रंगीत त्रिकोण: लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. किती घरांत तो रंग कोणी सांगितला असेल? तुमच्या गावात ओसरीवर बसून डबा फिरवून फिरवून वाचणारा एक माणूस होता. दोन औषधं एकत्र करू नका, वाऱ्याच्या तोंडी फवारू नका, तोंड बांधा, घरी आल्यावर आधी अंघोळ करा, मग पोरांना जवळ घ्या, हे सगळं तुम्ही सांगितलं असणार. ते शिकलात कुठे? अकोल्याला. विद्यापीठाशी नातं उरलं आहे का, असं विचारता, आणि त्याच पत्रात ते तुमच्या ओसरीवर बसलेलं दिसतं.

आता एक हिशेब करून पाहा. तुमच्या बॅचमधले बँकेत गेले, पोलिसात गेले, परदेशात गेले. चांगलं केलं, प्रत्येकानं आपापल्या घरची गरज पाहून रस्ता धरला. पण शेतीची पदवी घेऊन वीसेक वर्षं रोज शेतीच करणारे किती? बोटांवर मोजण्याइतके असतील. वर्गात जो विषय शिकवला, तो सोडून न गेलेल्यांपैकी तुम्ही एक आहात. ‘शेती’ हा शब्द टाइप करताना तुमची मान खाली गेली, याचं मला फार वाईट वाटलं. त्या चार अंगठ्यांमागे मात्र मला दुष्टपणा दिसत नाही. काय बोलावं हे न सुचलेली चार माणसं दिसतात. ‘मजा आहे बाबा’ म्हणणारा बहुतेक स्वतःच्या ऑफिसातल्या खुर्चीला कंटाळलेला असेल.

पण ही लाज तुम्ही एकट्यानं तयार केलेली नाही. त्यात आमच्यासारख्यांचाही हात आहे, आणि ते मला आज सांगायचंच आहे.

मी एका तालुक्याच्या कॉलेजात एकतीस वर्षं वनस्पतीशास्त्र शिकवलं. वरूड-मोर्शीकडचा पट्टा, संत्र्याचा. नॅकची, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेची, समिती येणार असली की कॉलेजात माजी विद्यार्थ्यांची आठवण निघायची, कारण मूल्यांकनात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाला वेगळे गुण असायचे. माजी विद्यार्थी मंडळाचं काम माझ्याकडे होतं. मी यादी केली: तहसीलदार एक, बँक मॅनेजर दोन, पुण्याच्या कंपनीतले चार-पाच, एक डॉक्टर. शाल, श्रीफळ, फोटो, फाइल. ती यादी टाइप करायला देताना आमचे शिपाई मामा शेजारी उभे होते. त्यांनी कागद हातात घेतला, वाचला आणि म्हणाले, “मॅडम, हे त गेलेल्याइची यादी झाली. हायेत त्याइचं काय?”

मी त्यांना खुर्ची दिली. मग ते सांगत गेले आणि मी त्याच कागदाच्या मागच्या बाजूला लिहीत गेले. अमक्या गावचा तो, त्याचं वेल्डिंगचं दुकान. तमकी, तिच्याकडे दूध संकलन केंद्र. एकजण ग्रामपंचायतीत ऑपरेटर. एकाची रोपवाटिका, शेंदूरजनाघाटच्या रस्त्यावर. कागद दोन्ही बाजूंनी भरला. जे नाव माझ्या रजिस्टरात नुसतं नाव होतं, ते मामांच्या डोक्यात गावासकट, बापाच्या नावासकट, धंद्यासकट होतं. एवढी वर्षं आमचं माजी विद्यार्थ्यांचं जाळं शिपाई मामांच्या डोक्यात होतं आणि मी ते फाइलींत शोधत होते.

त्या रोपवाटिकेवाल्याला मी निरोप दिला. तो आला, पण फाटकाच्या आत येईना. गाडीवर एक पाय टेकवून उभा. “मी त नापास हावो मॅडम, माहं नाव कायले लिहिता?” दुसऱ्या वर्षाला दोन विषय राहिले होते, पुन्हा परीक्षेला बसलाच नव्हता. मी त्याला म्हटलं, नाव राहू दे, उद्या प्रॅक्टिकलला ये, पोरांना कलमाचा डोळा बांधून दाखव.

दुसऱ्या दिवशी तो जंभेरीची दहा-बारा रोपं घेऊन आला, पेन्सिलीएवढ्या जाड खोडाची. चाकू रुमालात गुंडाळलेला. रोपाच्या खोडावर आधी एक आडवा छेद, मग त्याच्या मधून खाली उभा. चाकूच्या मागच्या टोकानं साल दोन्हीकडून अलगद उचलली. संत्र्याच्या फांदीवरचा डोळा सालीसकट काढला, त्या फटीत वरून खाली सरकवला, प्लॅस्टिकच्या पट्टीनं खालून वर गुंडाळला, डोळ्याचं टोक तेवढं उघडं. मी मनात तीस मोजायच्या आत एक रोप झालं. ही आकृती मी चौदा वर्षं फळ्यावर काढत होते, पोरं जर्नलात उतरवत होती, पेन्सिलीनं, सुबक. एका मुलीनं विचारलं, डोळा उलटा बसला तर? त्यानं तिच्याच हातात चाकू दिला आणि म्हणाला, “बसव उलटा, पुढच्या महिन्यात येऊन पाह्यजो.” त्यानंतर तो दर हिवाळ्यात आला. आम्ही मंडळाच्या घटनेत कलमच घालून घेतलं, की निदान एक वर्ष इथे शिकलेला तो माजी विद्यार्थी. पास-नापास विचारायचं नाही.

भाऊ, तुम्ही तर पास आहात. आणि तरी फाटकाबाहेर गाडीवर पाय टेकवून उभे आहात. तुम्हाला तिथं उभं करणाऱ्या याद्या माझ्यासारख्यांनी केल्या. त्याबद्दल मी तुमची मनापासून माफी मागते.

आता काय करायचं ते बोलू.

तुम्ही तीन वेगळ्या गोष्टी एकात धरल्या आहेत, म्हणून ओझं वाटतं. बॅच वेगळी, माजी विद्यार्थी संघटना वेगळी आणि विद्यापीठ वेगळं. बॅच म्हणजे तुमच्याबरोबर मेसचं जेवण जेवलेली माणसं. तिथं नातं मैत्रीचं, हुद्द्याचा तिथं काही संबंध नाही, आणि जो आणतो तो तरुणपणी जेवढा शहाणा होता तेवढाही राहिला नाही असं समजा. संघटना म्हणजे नोंदणी केलेली संस्था, तिला घटना असते, कार्यकारिणी असते, सभासद वर्गणी असते, पावती असते. आणि विद्यापीठ म्हणजे विभाग, प्रयोगशाळा, शेत, बियाणं, तिथले प्राध्यापक. या तिन्ही ठिकाणी जायची दारं वेगळी आहेत. एका दारात तुम्हाला लाज वाटली म्हणून बाकीची दोन बंद करून घेतलीत.

सगळ्यात आधी रूममेटला फोन करा. ग्रुपमध्ये परत जाऊ नका, निदान आत्ता नाही. शंभर माणसांच्या ग्रुपमध्ये कोणी कोणाशी खरं बोलत नाही, तिथं वाढदिवस आणि सुप्रभात चालतं. एका माणसाला फोन लावा. तुम्ही दोनदा फोन उचलला नाही तरी ज्यानं तिसऱ्यांदा करायचं मनात ठेवलं असेल, त्याला कारणं देऊ नका. “हाव, मीच बोलून राहिलो. मागं फोन उचलला नाही, चुकलंच माहं. कसा हायेस?” एवढं पुरे. पुढचं तो बोलेल. त्यानं विचारलंच, ग्रुप काऊन सोडला, तर खरं ते सांगा. चार वर्षं एका खोलीत राहिलेल्या माणसाला खरं सांगितल्यानं कमीपणा येत नसतो.

संमेलनाचं म्हणाल तर माझं मत आहे, जावं. पण त्यासाठी कापूस झाडावर ठेवून जावं असं मी म्हणणार नाही. साडेतीन हजार म्हणजे जवळजवळ अर्धा क्विंटल कापूस, हे मला कळतं. रूममेटलाच सांगा: मला मुक्काम जमत नाही, एक दिवस येतो, जेवणापुरते पैसे देतो. यात मागणं काही नाही, हा सरळ व्यवहार आहे, आणि असं संमेलन भरवणाऱ्यांना त्याची सवय असते. मी स्वतः अशी सात-आठ संमेलनं भरवली आहेत. दर वेळी पाच-सहा जण ‘कामात आहे’ म्हणायचे, आणि त्यातल्या निम्म्यांचं काम म्हणजे वर्गणी असायची. त्यांनी एक शब्द टाकला असता तर आम्ही आनंदानं जागा केली असती. न बोलता राहून गेले, याचंच मला आजही वाटतं.

आणि यंदा नाही जमलं, तर पुढच्या वर्षी तुमच्या वावरात बोलवा. हॉटेलातल्या बुफेला पंचवीस वर्षांत कोणी आठवणीत ठेवलेलं मी पाहिलं नाही. गोवऱ्यांच्या आरावर रोडगे, वांग्याची भाजी, वरण, धुऱ्यावरच्या झाडाखाली पंगत, एवढं केलंत तर नागपूर-पुण्याची माणसं दोन महिने आधी सुट्टी टाकतील. पण हे तुम्हाला मनापासून वाटलं तरच. कोणाला काही दाखवून द्यायचं म्हणून रोडगे भाजू नका.

संघटनेबद्दल थोडक्यात. तिचे सभासद व्हा, आजीव सभासद वर्गणी एकदाच भरावी लागते. मात्र पैसे कोणाच्या स्वतःच्या खात्यात किंवा स्वतःच्या नंबरावर टाकू नका. संस्थेच्या नावाचं खातं, नोंदणी क्रमांक आणि पावती, हे तिन्ही दिसलं तरच. अशा संस्था सहसा १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्या असतात, त्यामुळे विचारायचा तुम्हाला हक्क आहे आणि विचारल्यानं कोणाला राग यायचं कारण नाही. इमारतीला, कमानीला देणगी मागितली आणि तुमच्याकडे नसली तर ‘नाही’ म्हणा. तुमच्याकडे द्यायला दुसरं आहे.

ते दुसरं काय, हे सांगते. तुम्ही शेवटच्या वर्षाला रावे केलं असेल, ग्रामीण कृषी कार्यानुभव. आजही कृषीची मुलं-मुली शेवटच्या वर्षाला गावोगाव जातात, पेपरात ‘कृषीदूतांनी दिले बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक’ म्हणून बातमी असते. त्यांना गाव लागतं, शेतकरी लागतो, असा शेतकरी की जो त्यांना ‘या पोट्टेहो, हे असं नाही, असं करा’ म्हणेल आणि त्यांच्या वहीतला शब्दही समजून घेईल. पुस्तकातली भाषा आणि वावरातली भाषा दोन्ही येणारी माणसं फार थोडी असतात. जवळच्या कृषी महाविद्यालयात जा, रावेच्या समन्वयकांना भेटा आणि म्हणा, माझं गाव घ्या. मुलींची राहायची सोय होत असेल तर तेही सांगा, त्यांना गाव मिळायला जास्त अडचण येते.

दुसरं, एक वही. वीसेक वर्षं तुम्ही त्याच नऊ एकरांत आहात. कोणत्या साली कोणतं वाण लावलं, पेरणी कधी झाली, बोंडअळी कोणत्या महिन्यात दिसली, तूर कोणत्या तुकड्यात वाळते, कोणत्यात वाळत नाही. यातलं जेवढं आठवतं तेवढं लिहून काढा, घरात जुन्या बियाण्याच्या पावत्या असतील त्या काढा. विद्यापीठाच्या शेतावर प्रयोग होतात, पण एकाच माणसाच्या डोळ्याखालच्या एकाच शिवाराच्या वीसेक वर्षांच्या नोंदी कोणत्याही विभागाला हव्याशा वाटाव्यात अशा असतात. विद्यापीठाचे प्लॉट दाखवणारी शिवार फेरी असते तेव्हा ती वही घेऊन अकोल्याला जा. प्लॉट पाहून झाले की तिथल्या शास्त्रज्ञाला थांबवा. माझ्या अनुभवात, प्रश्न घेऊन येणाऱ्या जुन्या विद्यार्थ्याला टाळणारा मास्तर विरळा. आम्ही वाटच पाहत असतो.

हे विद्यापीठ झालं तेच विदर्भातल्या लोकांनी हट्ट धरला म्हणून. साठच्या दशकात त्यासाठी माणसं रस्त्यावर उतरली होती, तेव्हा कुठे १९६९ च्या ऑक्टोबरात ते अकोल्याला उभं राहिलं. आणि नाव दिलं पंजाबराव देशमुखांचं, जे पापळसारख्या खेड्यातून निघून विलायतेला शिकले, परत आले आणि शेतकऱ्यांच्या पोरांसाठी शाळा-कॉलेजं काढत राहिले, पुढे देशाचे कृषिमंत्री झाले. तिथं वावरातला माणूस परका कसा?

मुलीबद्दल. तिला कृषीलाच जायचं आहे की दुसरीकडे, ते तुम्ही लिहिलं नाही. कुठेही जायचं असो, तुमचे मित्र तिला प्रवेश मिळवून देऊ शकणार नाहीत, आणि तशी अपेक्षा तिच्याही मनात राहू देऊ नका. कृषी पदवीचे प्रवेशसुद्धा आता राज्याच्या सीईटीवरून, गुणवत्ता यादीनं होतात. मित्रांकडून घ्यायचं ते वेगळं. कोणत्या कॉलेजात प्रात्यक्षिकं खरोखर होतात, कुठे मुलींचं वसतिगृह बरं आहे, बँकेतल्या कृषी अधिकाऱ्याचं काम नेमकं काय असतं, बियाणे कंपनीत मुली किती टिकतात, परदेशात पुढचं शिक्षण घ्यायचं तर तयारी कधीपासून. हे कोणत्याही माहितीपत्रकात मिळत नाही, पण तुमच्या बॅचमधल्या एकेका माणसाला एकेक उत्तर माहीत आहे. मुलीलाच बोलू द्या. रूममेटला सांगा, “माही पोरगी फोन करन, जरा सांगजो तिले.” बापाचा मित्र म्हणून नाही, त्या कामातला माणूस म्हणून तिनं विचारावं. प्रश्न आधी वहीत लिहून घ्यायला सांगा. आणि बोलणं झालं की तिनं आभाराचे दोन शब्द पाठवले पाहिजेत, याकडे तुम्ही लक्ष द्या.

हे सदर वाचणाऱ्या इतरांसाठीही एक गोष्ट जाता जाता. अमरावती, नागपूर किंवा गोंडवाना विद्यापीठाचे पदवीधर असाल तर २०१६ च्या विद्यापीठ कायद्यानं अधिसभेवर (सिनेटवर) दहा नोंदणीकृत पदवीधर निवडून जातात. त्यासाठी वेगळी नोंदणी करावी लागते, नुसती पदवी पुरत नाही. कृषी विद्यापीठांचा कायदा वेगळा असल्यामुळे भाऊंना ते लागू नाही. विधान परिषदेच्या अमरावती पदवीधर मतदारसंघात मात्र त्यांचंही नाव हवं. ती यादी दर निवडणुकीला नव्यानं होते, नमुना १८ पुन्हा भरावा लागतो. खेड्यातले पदवीधर इथं हटकून राहून जातात, आणि मग पदवीधरांचे प्रश्न म्हणजे शहरातल्यांचे प्रश्न होतात.

आता तूर. रोगनिदान हे माझं काम नाही, मी नुसती वनस्पतीशास्त्राची बाई. पण नमुना कसा न्यावा एवढं सांगते, कारण बहुतेक जण वाळलेली एक फांदी पिशवीत कोंबून नेतात आणि मग ‘काही सांगितलं नाही’ म्हणून परत येतात. तीन झाडं घ्या: एक पूर्ण वाळलेलं, एक नुकतं मलूल व्हायला लागलेलं, एक निरोगी. ओढून उपटू नका, कुदळीनं खणून काढा, मुळाला माती राहू द्या. मलूल झाडाचं खोड बुडाशी उभं चिरून पाहा. आत तपकिरी-काळपट रेघा दिसल्या तर मर रोगाची शंका घ्यायला जागा आहे. त्याच वावरात वर्षानुवर्षं तूर येत असेल तर ती शंका वाढते. साल बाहेरून काळवंडून खोड खोलगट झालं असेल, पाणी साचत असेल, तर प्रकरण दुसरं असू शकतं. वर्तमानपत्रात गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, आत घाम धरून भलतीच बुरशी वाढते. सोबत एक चिठ्ठी ठेवा: वाण, पेरणीची तारीख, मागची तीन वर्षं त्या तुकड्यात काय होतं, पाणी साचतं का, पहिलं झाड कधी वाळलं. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात नेऊन द्या, नाही तर अकोल्याला वनस्पती रोगशास्त्र विभागात.

आणि चिठ्ठीच्या खाली तुमचं नाव, गाव लिहाल, त्याच्यापुढं एक ओळ लिहा: माजी विद्यार्थी, बी.एस्सी. कृषी, २०००. स्वच्छ अक्षरात, पेनानं.

निदान काय निघालं ते मला नक्की कळवा. माझ्याही भावाच्या वावरात तुरीच्या दोन ओळी वाळल्या आहेत.